मास्तरांनी लिहिलेला आकाशाचा इतिहास

दरवर्षी डिसेंबरच्या अखेरीस भूगोलाचे शिक्षक वर्गात सांगतात की, २२ डिसेंबरच्या सुमारास दिवस सर्वांत लहान असतो आणि त्यानंतर सूर्य उत्तरेकडे सरकू लागतो. तीन आठवड्यांनी त्याच विद्यार्थ्यांच्या घरी तिळगूळ वाटला जातो आणि आज उत्तरायण सुरू झाले, असे घरातील वडीलधारी मंडळी सांगतात. एकाच सूर्याची एकाच वर्षात दोन उत्तरायणे कशी, असा प्रश्न एखादा चौकस विद्यार्थी विचारतो आणि बहुधा त्याला समाधानकारक उत्तर मिळत नाही. वास्तविक या प्रश्नाचे उत्तर, त्यामागच्या सर्व इतिहासासह, १८९६ सालापासून मराठीत छापलेले आहे. ते लिहिणारे गृहस्थही पेशाने शिक्षकच होते.

शंकर बाळकृष्ण दीक्षित यांचा जन्म १८५३ साली रत्नागिरी जिल्ह्यात, दापोलीजवळच्या मुरुड या गावी झाला. १८७४ मध्ये ते मॅट्रिक झाले. पुढे महाविद्यालयाची पायरी चढण्याचा योग त्यांना आला नाही. ठाणे, बार्शी, धुळे, पुणे अशा ठिकाणी त्यांनी शाळाखात्यात नोकरी केली; धुळे आणि पुणे येथे तर शिक्षकांना शिकविण्याचे काम केले. १८९८ मध्ये पुण्यात त्यांचे निधन झाले, तेव्हा त्यांच्या वयाची ४५ वर्षेही पुरी झालेली नव्हती. हाताशी वेधशाळा नाही, विद्यापीठातील अधिकारपद नाही, पाठीशी एखाद्या संशोधन मंडळाचा आधार नाही, अशा स्थितीत या माणसाने भारतीय ज्योतिषाच्या इतिहासाचा पाया घातला. येथे ज्योतिष या शब्दाचा अर्थ जन्मपत्रिका आणि भविष्यकथन एवढाच घेऊन चालणार नाही. जुन्या परिभाषेत ज्योतिष म्हणजे प्रामुख्याने ग्रहगणित, कालगणना आणि आकाशाचे निरीक्षण. दीक्षितांचा मुख्य विषय तोच होता.

दोन टोकांचा वाद

दीक्षितांनी लेखणी हाती घेतली त्या काळी हा विषय दोन टोकांच्या ओढाताणीत सापडला होता. फ्रेंच ज्योतिषी बेली यांनी १७८७ मध्ये असे प्रतिपादन केले होते की, हिंदूंची ग्रहगणिताची कोष्टके कलियुगाच्या आरंभी, म्हणजे इ. स. पूर्व ३१०२ च्या सुमारास, घेतलेल्या प्रत्यक्ष वेधांवर आधारलेली आहेत. याच्या उलट कलकत्त्याच्या बेंटली यांनी सूर्यसिद्धान्त हा ग्रंथ इसवी सनाच्या अकराव्या शतकापर्यंत खाली ओढला आणि प्राचीनत्वाचा दावा हा ब्राह्मणांचा बनाव ठरवून टाकला. पुढे १८६० मध्ये मिशनरी बर्जेस यांचे सूर्यसिद्धान्ताचे इंग्रजी भाषांतर प्रसिद्ध झाले. त्याला जोडलेल्या विस्तृत टीपांत व्हिटनी यांनी या शास्त्राचे सारे श्रेय ग्रीकांच्या पदरात टाकले. एका पक्षाला सर्व काही येथेच जन्मलेले दिसत होते, तर दुसऱ्याला येथे काहीच जन्मलेले दिसत नव्हते.

या वादात पडणाऱ्या पाश्चात्त्य पंडितांपैकी अनेकांना मूळ ग्रंथांपैकी थोडेच उपलब्ध होते. येथील शास्त्री मंडळींना ग्रंथ मुखोद्गत होते, परंतु त्यांतील अंकांची ऐतिहासिक चिकित्सा करण्याची सवय नव्हती. हस्तलिखिते वाचू शकणारा, ग्रहगणित स्वतः करू शकणारा आणि पुराव्यापुढे आपपरभाव न मानणारा अभ्यासक हवा होता. दक्षिणा प्राइज कमिटीने पंचांगाच्या इतिहासावर निबंध मागविला आणि दीक्षितांनी तो लिहून पाठविला. त्या निबंधाचाच पुढे विस्तार होऊन १८९६ मध्ये पुण्याच्या आर्यभूषण छापखान्यातून ‘भारतीय ज्योतिःशास्त्र’ हा पाचशेहून अधिक पृष्ठांचा ग्रंथ बाहेर पडला. वैदिक काळ, वेदांगकाळ आणि सिद्धान्तकाळ असा त्याचा क्रम आहे. आर्यभट, वराहमिहिर, ब्रह्मगुप्त, भास्कराचार्य यांच्याबरोबरच कोकणातल्या नांदगावचे गणेश दैवज्ञ आणि त्यांचा शके १४४२ चा ग्रहलाघव हा करणग्रंथ यांनाही त्यात योग्य स्थान मिळाले. कोणत्या प्रांतात कोणत्या ग्रंथावरून पंचांग करतात, याचीही नोंद त्यात आहे.

दीक्षितांची पद्धत पाहण्यासाठी एक उदाहरण पुरेसे आहे. वराहमिहिराने शके ४२७ च्या सुमारास पंचसिद्धान्तिकेत ज्या सूर्यसिद्धान्ताचा सारांश दिला, तो आज प्रचारात असलेला सूर्यसिद्धान्त नव्हे, हे त्यांनी दोन्हींतील अंक समोरासमोर मांडून दाखविले. जुन्या सूर्यसिद्धान्ताचे वर्ष ३६५ दिवस, १५ घटिका, ३१ पळे आणि ३० विपळे इतके आहे. नव्याचे त्याहून सुमारे दीड विपळ अधिक. म्हणजे दोन्ही वर्षमानांतील फरक एका सेकंदाहूनही कमी. इतक्या सूक्ष्म फरकाची दखल घेणारा मनुष्य नुसत्या नावाच्या साम्यावरून ग्रंथाचा काळ ठरविणाऱ्यांपैकी नव्हता.

कृत्तिकांची पूर्व दिशा

दीक्षितांचे नाव सर्वांत अधिक घेतले जाते ते शतपथ ब्राह्मणातील एका विधानाच्या संदर्भात. अग्न्याधान कृत्तिका नक्षत्रावर करावे, असे सांगताना तो ग्रंथ कारण देतो की, कृत्तिका पूर्व दिशेपासून ढळत नाहीत, इतर नक्षत्रे मात्र ढळतात. या वाक्यावरून असंख्य लोकांची नजर फिरून गेली होती. त्यात काळाची खूण दडलेली आहे हे दीक्षितांच्या ध्यानात आले आणि १८९५ मध्ये ‘इंडियन अँटिक्वेरी’ या नियतकालिकात त्यांनी ते मांडले.

त्यांचा युक्तिवाद समजण्यास अवघड नाही. जो तारा विषुववृत्तावर असतो तोच बरोबर पूर्वबिंदूवर उगवतो. आज कृत्तिका विषुववृत्ताच्या सुमारे २४ अंश उत्तरेस आहेत. त्यामुळे महाराष्ट्रातून पाहिले असता त्या पूर्वबिंदूपासून सुमारे २५ अंश उत्तरेला उगवताना दिसतात. परंतु पृथ्वीचा अक्ष भोवऱ्याप्रमाणे अतिशय मंद गतीने डुलत असल्यामुळे ताऱ्यांचे हे अंतर शतकानुशतके बदलत जाते. हिशेब मागे नेत गेल्यास कृत्तिका विषुववृत्तावर येतात तो काळ इ. स. पूर्व ३००० च्या आसपासचा. ग्रंथातील वाक्य वर्तमानकाळी आहे, म्हणून ते निरीक्षण त्या सुमाराचे असले पाहिजे, असा दीक्षितांचा निष्कर्ष.

यातील गणित आजही बिनचूक आहे. वाद आहे तो वाक्याच्या अर्थाचा आणि त्यावरून काढलेल्या अनुमानाचा. ‘ढळत नाहीत’ हे शब्द काटेकोर वेधाचे निदर्शक आहेत की स्थूल वर्णनाचे? कृत्तिका पूर्वबिंदूपासून चार अंशांनी ढळल्या तरी साध्या डोळ्यांना त्या पूर्वेलाच दिसणार आणि तेवढ्याने काळ सहज सहा-सात शतकांनी अलीकडे येतो. शिवाय जुने निरीक्षण परंपरेने पुढे आलेल्या ग्रंथात तसेच राहून जाऊ शकते. भाषेच्या पुराव्यावरून विद्वान शतपथ ब्राह्मण इ. स. पूर्व पहिल्या सहस्रकाच्या पूर्वार्धात ठेवतात, ही अडचणही दुर्लक्ष करण्यासारखी नाही. दीक्षितांनंतर शतकभर चाललेली ही चर्चा अद्याप मिटलेली नाही. तथापि ज्या भूमीवर ती चालते ती दीक्षितांनी आखून दिलेली आहे, हे त्यांचे विरोधकही नाकारू शकत नाहीत.

शिलालेखातील गुरुवार

या वादापेक्षा कमी प्रसिद्ध, परंतु परिणामांच्या दृष्टीने अधिक भरीव असे काम दीक्षितांनी राजकीय इतिहासाच्या क्षेत्रात केले. गुप्त राजांच्या शिलालेखांत वर्षांचे आकडे आहेत. पण ती वर्षे कोठून मोजायची यावर विद्वानांत एकमत नव्हते. निरनिराळ्या तर्कांनी गुप्तसंवताचा आरंभ दोन-अडीचशे वर्षांनी मागेपुढे होत असे आणि त्याबरोबर समुद्रगुप्तापासून स्कंदगुप्तापर्यंतचा सारा इतिहासही हेलकावे खात असे. जॉन फेथफुल फ्लीट यांनी १८८८ मध्ये गुप्त लेखांचा संग्रह प्रसिद्ध करून हा प्रश्न धसास लावला. त्यासाठी लागणारे तिथिगणित दीक्षितांनी करून दिले होते.

मध्य प्रदेशातील सागर जिल्ह्यात एरण येथे बुधगुप्ताच्या काळचा एक स्तंभ आहे. त्यावर वर्ष १६५, आषाढ शुद्ध द्वादशी अशी मिती असून सुदैवाने गुरुवार हा वारही कोरलेला आहे. गुप्तसंवत शकानंतर २४१ वर्षांनी सुरू झाला, असे अल् बेरूनीने लिहून ठेवले होते. त्याप्रमाणे इ. स. ३१९ हा आरंभ धरला तर एरणच्या लेखाचे वर्ष ४८४ येते. त्या वर्षी आषाढ शुद्ध द्वादशीला कोणता वार होता? दीक्षितांनी गणित केले आणि उत्तर आले : २१ जून ४८४, गुरुवार. दगडावरचा वार आणि आकाशाचे गणित एकमेकांशी जुळले. केवळ तर्कावर लोंबकळणाऱ्या कालक्रमाला त्यामुळे बळकट आधार मिळाला.

याच कामाची पुढची पायरी म्हणजे मद्रास सनदी सेवेतील रॉबर्ट स्यूएल यांच्या सहकार्याने तयार झालेला ‘द इंडियन कॅलेंडर’ हा ग्रंथ. तोही १८९६ मध्येच, लंडन येथे प्रसिद्ध झाला. इ. स. ३०० पासून १९०० पर्यंतच्या हिंदू आणि मुसलमानी मित्या इंग्रजी तारखांत कशा बदलाव्यात, याची कोष्टके त्यात आहेत. ताम्रपट, शिलालेख, जुनी पत्रे आणि दस्तऐवज यांच्याशी ज्यांचा संबंध येतो, त्या संशोधकांच्या आणि अधिकाऱ्यांच्या टेबलावर हे पुस्तक अनेक दशके होते. लेखातली तिथी व वार गणिताशी जुळत नसतील तर लेख बनावट असण्याचा संशय घ्यावा, ही आज सर्वमान्य असलेली कसोटी वापरण्याचे साधन अशा कोष्टकांनी सर्वांच्या हाती दिले.

पंचांगाचा प्रश्न

दीक्षित प्राचीन ग्रंथांत रमणारे होते, पण प्राचीनाचे अंध उपासक नव्हते. याचा सर्वांत मोठा पुरावा म्हणजे पंचांगशोधनाच्या चळवळीत त्यांनी घेतलेला भाग. केरो लक्ष्मण छत्रे यांनी एकोणिसाव्या शतकाच्या सातव्या दशकात नव्या वेधांशी जुळणारे पंचांग सुरू करून या चळवळीचा आरंभ केला होता. विसाजी रघुनाथ लेले, जनार्दन बाळाजी मोडक आणि दीक्षित यांनी त्याही पुढे जाऊन सायन पंचांगाचा पुरस्कार केला.

आरंभी उल्लेखिलेल्या दोन उत्तरायणांचे कोडे येथे उलगडते. ऋतू अवलंबून असतात ते सूर्य संपातबिंदूपासून किती दूर आहे यावर. हा संपातबिंदू स्थिर नाही. सुमारे ७२ वर्षांत एक अंश या गतीने तो मागे सरकतो. सायन गणना या सरकत्या बिंदूपासून होते, म्हणून तिच्यात ऋतू आणि महिने एकमेकांना सोडीत नाहीत. निरयन गणना ताऱ्यांमधील स्थिर स्थानापासून होते. सुमारे १७०० वर्षांपूर्वी दोन्ही गणना जुळत होत्या आणि तेव्हा मकरसंक्रांत व उत्तरायण खरोखरच एकाच दिवशी येत. आज त्यांत सुमारे २४ अंशांचे, म्हणजे जवळजवळ तितक्याच दिवसांचे अंतर पडले आहे. स्वामी विवेकानंदांचा जन्म १२ जानेवारी १८६३ रोजी मकरसंक्रांतीच्या दिवशी झाला. आज ती संक्रांत १४ किंवा १५ जानेवारीला येते, एवढ्यावरूनही ही सरक ध्यानात येईल. अशीच गणना चालू ठेवली तर चैत्र वसंतात राहणार नाही आणि ऋतूंशी जोडलेले सण भलत्याच ऋतूंत जाऊन पडतील, हे दीक्षितांचे म्हणणे होते. वेदकाळी महिने ऋतूंना धरून होते, याचा दाखला ते प्राचीन ग्रंथांतूनच देत. परंपरेचा सखोल अभ्यास करून तिच्याच आधारे रूढी बदला असे सांगणारा हा सुधारक होता.

त्यांच्या हयातीत लोकांनी हे म्हणणे स्वीकारले नाही. परंतु १९५२ मध्ये मेघनाद साहा यांच्या अध्यक्षतेखाली पंचांगसुधारणा समिती नेमली गेली, तेव्हा हाच प्रश्न पुन्हा ऐरणीवर आला. १९५५ च्या अहवालाला अनुसरून २२ मार्च १९५७ पासून, म्हणजे १ चैत्र १८७९ या दिवसापासून, भारत सरकारने राष्ट्रीय दिनदर्शिका सुरू केली. तिचे शकवर्ष वसंतसंपाताच्या दुसऱ्या दिवशी सुरू होते. म्हणजे ते सायनच आहे. धार्मिक सणांसाठी मात्र समितीने निरयन गणनेशी तडजोड केली. दीक्षितांचा पक्ष असा साठ वर्षांनंतर शासकीय व्यवहारापुरता विजयी झाला आणि घराघरांतल्या पंचांगापुरता तसाच राहिला. सरकारी राजपत्रावर छापलेली शकाची तारीख कोणत्या विचारमंथनातून आली, हे ते राजपत्र हाताळणाऱ्या किती जणांना ठाऊक असते?

मतभेदांची कसोटी

दीक्षितांची सर्वच मते टिकली, असे म्हणणे सत्याला धरून होणार नाही. ग्रीकांकडून भारतीय सिद्धान्तकारांना मिळाले ते थोडे, बाकीचे गणित आणि अंक येथल्याच वेधांतून सिद्ध झाले, अशी त्यांची धारणा होती. विसाव्या शतकात ऑटो नॉयगेबाउअर आणि डेव्हिड पिंग्री यांनी बाबिलोनी इष्टिकालेख, ग्रीक ग्रंथ आणि संस्कृत हस्तलिखिते यांचा तौलनिक अभ्यास केला. केंद्र, होरा, लिप्ता यांसारख्या शब्दांचे ग्रीक मूळ आणि ग्रहगतीच्या आकृतींतील साम्य पाहता हे ऋण दीक्षितांना वाटले त्याहून बरेच मोठे असल्याचे त्यांनी दाखविले. वेदांगज्योतिषात सर्वांत मोठा दिवस १८ मुहूर्तांचा आणि सर्वांत लहान १२ मुहूर्तांचा सांगितला आहे. हे तीनास दोन प्रमाण बाबिलोनी गणितातही आढळते, म्हणून पिंग्रींनी त्याचे मूळ तिकडे शोधले. जपानी अभ्यासक युकिओ ओहाशी यांना ते पटले नाही. दीक्षितांनी धनिष्ठारंभी होणाऱ्या उत्तरायणावरून वेदांगज्योतिषाचा काळ इ. स. पूर्व १४०० च्या सुमारास ठरविला होता. त्यावरही असेच दोन पक्ष आहेत.

येथे एक गोष्ट लक्षात ठेवली पाहिजे. पिंग्रींना जे पुरावे मिळाले त्यांपैकी पुष्कळसे दीक्षितांच्या काळी जमिनीखाली किंवा अप्रकाशित होते. जो पुरावा हाती होता तो मात्र त्यांनी आपल्या मताला गैरसोयीचा असला तरी लपविला नाही. वेदांत मेषादी राशी नाहीत आणि सात वारांची नावेही नाहीत, हे त्यांनी निःसंकोचपणे लिहिले. इतकेच नव्हे, तर ग्रंथांचा काळ ठरविण्यासाठी या अभावाचा उपयोग केला. देशाभिमान आणि सत्यनिष्ठा यांत जेव्हा निवड करण्याची वेळ आली, तेव्हा त्यांनी अंकांना साक्षीला बोलाविले.

आज त्यांच्या नावाचा जो उपयोग केला जातो तो पाहता हे सांगणे आवश्यक वाटते. व्यासपीठावरून प्राचीन विज्ञानाचा गौरव करणारे वक्ते ‘इ. स. पूर्व ३०००’ हा आकडा दीक्षितांच्या ग्रंथातून उचलतात, पण त्यामागचे गणित, त्यावरील आक्षेप आणि त्याच ग्रंथातील पंचांगाची चिकित्सा मागे ठेवतात. दुसऱ्या बाजूला, असे संशोधन म्हणजे राष्ट्राभिमानाचा उमाळा, एवढे बोलून ग्रंथ न उघडताच तो बाजूला सारणारेही आहेत. बेली आणि बेंटली यांची ती दोन टोके अजून हयात आहेत, असेच म्हणावे लागते. दोघांच्याही हातून अन्याय होतो तो एकाच शाळामास्तरावर.

मराठीत लिहिलेला ग्रंथ

दीक्षितांना इंग्रजीत लिहिणे अशक्य नव्हते. त्यांचे शोधनिबंध इंग्रजी नियतकालिकांत येत होते. तरीही आयुष्यातील सर्वांत मोठा ग्रंथ त्यांनी मराठीत लिहिला. सामान्य वाचकांसाठी त्याआधीच त्यांनी ‘ज्योतिर्विलास’ हे पुस्तक लिहिले होते आणि त्याला ‘रात्रीची दोन घटका मौज’ असे दुसरे नाव दिले होते. ज्याला आकाश समजले त्याला ते शेजाऱ्याला दाखवावेसे वाटणारच. या निर्णयाची किंमतही मोठी होती. १९३१ मध्ये ‘भारतीय ज्योतिःशास्त्रा’ची दुसरी मराठी आवृत्ती निघाली, १९५७ मध्ये शिवनाथ झारखंडी यांचे हिंदी भाषांतर आले आणि आर. व्ही. वैद्य यांच्या इंग्रजी भाषांतराचा पहिला भाग भारत सरकारने १९६९ मध्ये, तर दुसरा १९८१ मध्ये प्रसिद्ध केला. म्हणजे संपूर्ण ग्रंथ इंग्रजीत यायला ८५ वर्षे लागली. या दीर्घ काळात मराठी न येणाऱ्या जगातील अभ्यासकांना दीक्षित कळले ते मुख्यतः त्यांच्या निबंधांतून आणि इतरांनी दिलेल्या उल्लेखांतून.

ज्या भाषेत हा ग्रंथ लिहिला गेला त्या भाषेच्या वाचकांना मात्र ही सबब सांगता येणार नाही. विज्ञानाचा इतिहास हा विषय अजूनही आपल्याकडे गौरवाच्या भाषणांत आणि स्पर्धा परीक्षेच्या टिपणांत अडकून पडला आहे. तो कसा अभ्यासावा याचा वस्तुपाठ दीक्षितांनी घालून दिला, तो मॅट्रिकपर्यंत शिकलेल्या, बदल्यांच्या नोकरीत गावोगाव फिरणाऱ्या शिक्षकाच्या परिस्थितीत राहून. आज हस्तलिखिते छापली गेली आहेत, आकाशाचे गणित क्षणात करणारी यंत्रे हाताशी आहेत. उणीव आहे ती वाक्य वाचून थबकणाऱ्या आणि त्याचा हिशेब मागणाऱ्या वृत्तीची.

ही वृत्ती शाळेतच लागू शकते आणि तिला खर्च नाही. कार्तिक महिन्यात संध्याकाळी गच्चीवर उभे राहिले तर कृत्तिकांचा तो लहानसा पुंजका पूर्वेकडे वर येताना दिसतो. एक साधे होकायंत्र घेऊन तो पूर्वबिंदूपासून किती उत्तरेस उगवतो हे विद्यार्थ्यांना मोजायला सांगावे आणि शतपथ ब्राह्मणातले ते वाक्य त्यांना वाचून दाखवावे. आकाश आणि ग्रंथ यांत फरक का पडला, असा प्रश्न वर्गातून उठला, की मग शिक्षकाने दीक्षितांचे नाव सांगावे.